कॉम्प्युटरचं सर्च रुसतं तेव्हा



हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आजचा विषय आहे कॉम्प्युटर. "आमच्या गटाकडे कुठला आलाय कॉम्प्युटर?" असं कुणी म्हणेल. पण आता ग्रामसंघाच्या खोलीत, प्रभागसंघाच्या ऑफिसात, नाहीतर लेकीच्या अभ्यासासाठी घरात, कुठे ना कुठे तो आलेला आहे. चालतो तोवर कौतुक, आणि अडला की सगळ्याजणी एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. आमचंही तसंच झालं होतं. ते आधी सांगतो, मग उपाय सांगतो.

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. जिल्ह्याच्या प्रदर्शनात आम्हाला मसाले-पापडाचा स्टॉल लावायचा होता. ऑनलाइन अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि सोबत मागच्या वर्षीचा हिशेब जोडायचा होता. सचिव ताईंनी कॉम्प्युटर सुरू केला. पडद्याच्या खालच्या पट्टीवर भिंगाचं चित्र असतं ना, तिथे त्यांनी प्रदर्शनाचं नाव टाइप केलं. काहीच येईना. आधी रिकामी चौकट, मग इंटरनेटला जोडता येत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ. हॉटस्पॉट तर चालू होता. ज्या फोनचा हॉटस्पॉट, त्याच फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज धडाधड येत होते. मग कॉम्प्युटरलाच काय झालं?

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने मशीन न बघताच सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागेल, घेऊन या." तोवर आमच्या एका काकूंनी फोनवर मदतीचा नंबर शोधला आणि लावलाही. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. "ताई, काळजी करू नका. फोनमध्ये एक ॲप घ्या, आलेला नंबर मला वाचून दाखवा, इथूनच दुरुस्त करतो." काकू ॲप घेणार, तेवढ्यात अध्यक्ष मावशींनी फोन हातातून काढून घेतला आणि बंद केला.

शेवटी दोष कुणी शोधला? दहावीतल्या एका पोरीने. ती आईला बोलवायला आली होती. म्हणाली, "मावशी, या कॉम्प्युटरची तारीख बघा की. २०१५ साल दाखवतोय!" तारीख नीट केली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि सर्च चालू झालं. संध्याकाळी अर्ज गेला.

त्या दिवशी घाबरून आम्ही काय काय घालवलं असतं, याचा नंतर विचार केला. फॉरमॅटमध्ये चार वर्षांचा हिशेब गेला असता आणि त्या गोड माणसाकडे खात्यातले पैसे. म्हणून आम्ही बसून हे सगळं समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

सर्च नेमकं करतं काय?

ज्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज १० किंवा ११ आहे, त्याच्या खालच्या पट्टीवरचं हे सर्च दोन कामं करतं. पहिलं काम घरातलं. आपल्याच कॉम्प्युटरमधल्या फायली आणि प्रोग्राम शोधायचे. त्यासाठी कॉम्प्युटर स्वतःजवळ एक यादी करून ठेवतो, पुस्तकामागे कुठला शब्द कुठल्या पानावर ते दिलेलं असतं तशी. या कामाला इंटरनेट लागत नाही. दुसरं काम बाहेरचं. आपण टाइप केलेला शब्द इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधसेवेकडे जातो आणि तिथून उत्तरं येतात. ही दोन्ही उत्तरं एकाच चौकटीत दिसतात, म्हणून आपला गोंधळ होतो. बाहेरचा रस्ता बंद झाला की आपल्याला वाटतं, घरातलंही सगळं गेलं. तसं नसतं. सर्च जोडलं जात नाही याचा अर्थ तुमच्या फायली गेल्या असा नाही. फायली जागच्या जागी असतात.

आधी काम उरका

सर्च दुरुस्त होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. आपली फाइल हवी असेल तर विंडोजचं चौकटीचं चित्र असलेलं बटण दाबून ठेवा आणि ई दाबा. पिवळ्या फोल्डरांची खिडकी उघडेल. तिच्या वर उजव्या कोपऱ्यात शोधायची वेगळी जागा असते, तिथे फाइलचं नाव टाका. आणि इंटरनेटवरचं काही हवं असेल तर क्रोम किंवा एज उघडून तिथे शोधा. पुष्कळदा एवढ्यावरच दिवसाचं काम निभतं.

आता दुरुस्ती, जवळून लांब

दळण नीट येत नसेल तर आपण लगेच जातं बदलत नाही. आधी खुंटा बघतो, मग पाळू बघतो. इथेही तसंच. सोपं आणि जवळचं आधी तपासायचं.

पहिली पायरी: इंटरनेट खरंच आहे का? क्रोम किंवा एजमध्ये एखादी साइट उघडून बघा. तीही उघडत नसेल तर दोष सर्चचा नाही. फोनचा डेटा संपला का, हॉटस्पॉट बंद पडला का, कॉम्प्युटरवर चुकून एअरप्लेन मोड लागलाय का, ते बघा. घड्याळाशेजारी वाय-फायच्या पंख्याऐवजी पृथ्वीच्या गोळ्यासारखं चित्र दिसत असेल, तर कॉम्प्युटरला इंटरनेट मिळत नाही असं समजा. ग्रामपंचायतीचं किंवा स्टेशनवरचं वाय-फाय असेल तर नुसतं जोडून भागत नाही. आधी एक पान उघडून मोबाइल नंबर टाकावा लागतो, तोवर आत सोडत नाही.

दुसरी पायरी: तारीख आणि वेळ. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बघा. दिवस, महिना, साल, तिन्ही बघा. चुकीचं असेल तर सेटिंग्जमध्ये जा, टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम. वेळ आपोआप घेण्याचं बटण तिथे असतं, ते चालू ठेवा. पण तारीख काही वर्षं मागे गेली असेल तर ती आपोआप जुळेलच असं नाही. मग ते बटण बंद करून आधी हाताने बरोबर तारीख घाला, आणि नंतर पुन्हा चालू करा. टाइम झोन भारताचा आहे ना, तेही बघून घ्या.

तुम्ही विचाराल, तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध? आम्हालाही तोच प्रश्न पडला होता. इंटरनेटवरच्या सुरक्षित साइटजवळ एक ओळखपत्र असतं. ते कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. आपला कॉम्प्युटर ते बघूनच साइटशी बोलतो. आता कॉम्प्युटरला वाटतंय २०१५ साल चालू आहे, आणि समोरचं ओळखपत्र आहे या वर्षीचं. तो म्हणतो, हे तर अजून सुरूच झालेलं नाही, हा माणूस खोटा दिसतोय. आणि दार लावून घेतो. म्हणजे कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, तो आपल्या भल्यासाठीच राखण करत असतो. फक्त त्याचं कॅलेंडर चुकलेलं असतं.

आणि एक कबूल करतो. त्या दिवशी आम्ही क्रोमही उघडलं होतं. त्यावर लाल खूण आणि इंग्रजी मजकूर आला, आम्ही दचकून बंद केलं. नंतर त्या मुलीने वाचून सांगितलं. तुमचं घड्याळ मागे आहे, असंच तिथे लिहिलं होतं! तेव्हा मैत्रिणींनो, इंग्रजी आलं की बंद करू नका. फोनने फोटो काढा आणि वाचता येणाऱ्या पोरीला दाखवा.

तारीख मागे जाते कशी? कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो काही वर्षांनी उतरतो. मग लाइट गेली किंवा आपण बोर्डाचं बटण बंद केलं, की कॉम्प्युटर तारीख विसरतो. दर वेळी सुरू केल्यावर तारीख चुकत असेल तर हा सेल बदला. डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो. तो फार महाग नसतो. पण स्वतः पेटी उघडू नका, माहितगाराकडून बसवून घ्या.

तिसरी पायरी: रीस्टार्ट. शट डाउन नाही, रीस्टार्ट. या दोन्हींत फरक आहे. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते. ती चालू असली की शट डाउन केल्यावर कॉम्प्युटर आतलं थोडं काम तसंच राखून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून अडकलेलं सर्च रीस्टार्टने सुटतं.

चौथी पायरी: नुसतं सर्चच उठवायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या यादीत सर्च नावाची ओळ शोधा, विंडोज ११ मध्ये ती सर्चहोस्ट अशी दिसते. तिच्यावर क्लिक करून एंड टास्क करा. घाबरू नका, पुन्हा भिंगावर क्लिक केलं की ते आपोआप नव्याने सुरू होतं. बाकीच्या ओळींना मात्र हात लावू नका.

पाचवी पायरी: मध्ये कुणी आडवं आहे का? सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. तुमच्या ऑफिसात कुणी मुद्दाम प्रॉक्सी लावलेला नसेल, तर प्रॉक्सी सर्व्हर वापरण्याचं बटण बंद असायला हवं. फुकटचं काहीबाही डाउनलोड केलं की ते कधीकधी चालू झालेलं असतं. कुणी व्हीपीएन टाकलं असेल तर तेही बंद करून बघा. मुदत संपलेला अँटिव्हायरससुद्धा कधी रस्ता अडवतो.

सहावी पायरी: विंडोजलाच तपासायला लावा. विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये ट्रबलशूट नावाची जागा आहे, त्यात सर्च अँड इंडेक्सिंग. ते चालवा. ते दोष शोधतं आणि जमेल तो दुरुस्त करतं. विंडोज अपडेट राहिले असतील तर तेही करून घ्या. मात्र विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. गटाचे पैशाचे व्यवहार त्यावर करत असाल, तर विंडोज ११ वर जाता येईल का याची चौकशी जरूर करा.

एवढं करूनही सर्च चालत नसेल, तर थोडं थांबा. कधीकधी दोष आपल्याकडे नसतोच. ५ फेब्रुवारी २०२० ला जगात ठिकठिकाणी विंडोज १० च्या सर्चमध्ये नुसती रिकामी चौकट दिसत होती, आणि अडचण मायक्रोसॉफ्टच्या बाजूची होती. ती त्यांनी दूर केली. त्या दिवशी ज्यांनी घाईने फॉरमॅट मारलं असेल, त्यांनी उगाच मारलं.

दोन गोष्टी गाठ बांधून ठेवा

पहिली, फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. आपण फायली डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो. त्या बहुधा विंडोज असलेल्या सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. म्हणून हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून, त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतात का हे बघितल्याशिवाय कुणालाही फॉरमॅट करू देऊ नका. आम्ही आता दर महिन्याच्या बैठकीनंतर फायली पेन ड्राइव्हवर घेतो. तो कोषाध्यक्ष वहिनींच्या कपाटात असतो, कॉम्प्युटरच्या टेबलावर नाही.

दुसरी, अनोळखी नंबर. इंटरनेटवर शोधलं की मदतीचे म्हणून जे नंबर वर दिसतात, त्यांत फसवणाऱ्यांचेही असतात. आपला पडदा त्यांना दिसेल असं ॲप ते घ्यायला लावतात, मग ओटीपी मागतात. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कुणालाही सांगायचा नाही. पिन पैसे पाठवताना लागतो, पैसे घेताना लागत नाही. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

आमच्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर आता एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय: इंटरनेट बघा, तारीख बघा, रीस्टार्ट करा, मग विचारा. त्याखाली १९३०. तुम्हीही या बैठकीत असा कागद लिहून लावा. आणि लिहायचं काम गटातल्या त्या ताईला द्या, जी म्हणते, "मला नाही बाई त्यातलं काही कळत." लिहिता लिहिता कळतं. आमच्याकडे तो कागद त्याच काकूंनी लिहिलाय, ज्यांनी त्या दिवशी नंबर लावला होता.

येतो मैत्रिणींनो. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार!