मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि भजनाचे ध्वनिमुद्रण

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे श्रीगजानन महाराजांचे समाधिस्थान. आषाढी वारीसाठी तेथून पंढरपुरास पालखी जाते. वीणा, पखवाज व टाळ यांच्या साथीने होणारे वारकरी भजन मुख्यतः मौखिक परंपरेने टिकून आहे. त्याचे मुद्रण करण्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची सर्वांस मुभा आहे असे सॉफ्टवेअर, कितपत योग्य आहे, हा प्रश्न विचारार्ह आहे.

ध्वनीच्या गुणवत्तेविषयीची शंका बव्हंशी निराधार आहे. नादाचे आकड्यांत रूपांतर मायक्रोफोन व त्याला जोडलेले उपकरण करते. सॉफ्टवेअर ते आकडे साठविते व त्यांची बेरीज-गुणाकार करते. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेले ऑडॅसिटी व पॉल डेव्हिस यांनी आरंभिलेले आर्डर ही दोन्ही साधने हे कार्य बिनचूक करतात.

दुसरा मुद्दा विलंबाचा. सेकंदास ४८,००० नमुने घेताना संगणक २५६ नमुन्यांचा गट हाताळीत असेल, तर एका गटास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. येताना व जाताना मिळून १०.७. तेवढ्या अवधीत नाद हवेतून साधारणतः १२ फूट जातो. दिंडीत तेवढ्या अंतरावरील टाळकऱ्याशी गायक सहज ताल राखतो. सबब योग्य जुळणी केल्यास हा विलंब बाधक ठरत नाही.

व्यावसायिकाची अडचण निराळी आहे. त्याला अन्य स्टुडिओंशी अपुऱ्या कामाची देवघेव करावी लागते, विशिष्ट खासगी जोड-सॉफ्टवेअर हवे असते आणि ऐनवेळी दुरुस्तीची हमी लागते. या बाबतीत बंदिस्त साधने प्रायः सरस ठरतात. शिवाय मुक्त म्हणजे विनामूल्य असेच नव्हे. आर्डरची संहिता खुली असली, तरी तिची अधिकृत तयार आवृत्ती साधारणतः मूल्य देऊन घ्यावी लागते.

तथापि परंपरेच्या जतनाचा विचार करता पारडे फिरते. आर्डर आपली जुळणी वाचनीय मजकुराच्या रूपात ठेवते. निर्माती संस्था उद्या लोपली, तरी कोणता आवाज कोठे व किती ठेवला होता, हे अभ्यासकास उलगडता येईल. बंदिस्त साधनात ही शाश्वती नसते.

सारांश, हौशी मंडळास ही साधने पुरेशी आहेत. व्यावसायिकास ती त्याच्या व्यवहाराच्या मर्यादेत उपयुक्त आहेत. आणि मौखिक ठेवा राखू पाहणाऱ्या संशोधकाने तर प्रथम त्यांचाच विचार करणे इष्ट होय.