नावात दाढी, तोंड गुळगुळीत!

लखनऊला गेलात तर मान वर करून फिरा. कबाबच्या वासानं नाक आपोआप वर जाईलच, पण डोळेही वर ठेवा. कैसरबागेचे दरवाजे पाहा, बड्या इमामबाड्याच्या कमानी पाहा. जिकडेतिकडे जोडीनं मासे! नवाबांचं हे मानचिन्ह पुढे थेट उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेत पोहत गेलं. आजही तिथल्या सरकारी कागदावर दोन मासे असतात.

आणि माहीत आहे का? याच कैसरबागेत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानं १९२६ साली संगीताचं कॉलेज सुरू झालं. आपल्या वाळकेश्वरच्या माणसाचे सूर आणि नवाबांचे मासे, दोघे सख्खे शेजारी.

दगडातले मासे झाले, आता काचेतले. लखनऊच्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मी गुलाबी छटेच्या माशाकडे बोट दाखवलं. दुकानदार ऐटीत म्हणाला, ‘‘रोझी बार्ब है साहब, बाहर का माल!’’ मी विचारलं, ‘‘बाहेर म्हणजे कुठे? पाण्याबाहेर?’’ कारण रोझी बार्ब हा मूळचा गंगेच्या खोऱ्यातला, आणि गोमती तर गंगेचीच लेक. घरचाच मासा, फॉरेन रिटर्न झाला की भाव खातो!

पुरावा हवाय? १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं गंगेतल्या माशांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यात हे महाशय आहेत. शास्त्रीय नावातलं ‘कोंकोनियस’ ऐकायला कसं रोमन सम्राटासारखं वाटतं! प्रत्यक्षात ते बंगाली ‘कांचन पुंटी’चं लॅटिन रूप. कोट साहेबाचा, आत माणूस बंगाली.

आणि त्या ग्रंथातली चित्रं कोणी काढली, माहीत आहे का? हलुदर नावाच्या एका बंगाली मुलानं. जवळजवळ दोन शतकं त्याचं नाव फारसं कोणाच्या तोंडी नव्हतं. मग २०१३ मध्ये सह्याद्रीतल्या काही बार्बना नवं कुलनाम द्यायचं होतं. ते दिलं ‘हलुदारिया’! पोराला रॉयल्टी मिळाली नाही, पण आख्खं घराणं नावावर झालं. माशांच्या सगळ्या नामकरणांत माझं हेच सर्वांत लाडकं.

आता गंमत बघा. ‘बार्ब’ आला लॅटिन ‘बार्बा’वरून, म्हणजे दाढी. ओठांजवळ लोंबणाऱ्या मिशांमुळे हे नाव पडलं. आणि आपल्या रोझीला? एक मिशी नाही! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार.

दात? तोंडाचं पार बोळकं. दात आहेत, पण घशात! खाणं आधी आत जातं, चावणं मागाहून. आपली आजी बत्तीस वेळा चावायला सांगायची; हिला कुठून सांगणार?

कान दिसत नाहीत म्हणून तिला बहिरी समजू नका. पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते, आवाज त्या वाटेनं पोचतो. तेव्हा पाहुण्यांच्या चिंटूला काचेवर टकटक करू देऊ नका. आपल्याला टकटक, त्यांना ढोलताशा.

बरं, टँक लावायचाय? प्लांटेड, म्हणजे झाडांचा? शाब्बास. शाळेतला प्रयोग आठवतो? बीकर, उलटं नरसाळं आणि बुडबुडे सोडणारी हायड्रिला. तीच आणा. स्वस्त, भराभर वाढणारी आणि इथलीच. फक्त उरलेली नाल्यात टाकू नका. १९५० च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातूनच ती फ्लोरिडात पोचली, आणि तिथले तलाव अजून तिच्या नावानं बोटं मोडतात.

जावा फर्न घेतलात तर तिचा जाड आडवा कंद वाळूत पुरू नका, कुजतो. दोऱ्यानं लाकडाला बांधा. बार्ब मऊ पानांना सॅलड समजतात, पण फर्नच्या चिवट पानांच्या वाटेला सहसा जात नाहीत. रोझीचा मोठा गुण म्हणजे केसांसारखं वाढणारं शेवाळ ती आवडीनं कुरतडते. पगार न घेणारा माळी!

आणि घाई नको. पाणी भरलं की लगेच मासे सोडले, तर त्यांनीच पाण्यात सोडलेला अमोनिया त्यांना मारतो. तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टँककडे पाहत बसायचं. घरचे हसतील, हसू द्या.

थंडीत लखनऊचा पारा चांगलाच घसरतो. रोझीला १८ ते २२ अंश पाणी झकास चालतं. सुमात्राकडच्या पट्टेदार टायगर बार्बला मात्र २४ च्या पुढे ऊब लागते. म्हणजे हीटर! शिवाय हा वाघोबा एकटादुकटा असला की दुसऱ्यांचे पंख कुरतडतो. सहा-आठ आणा, मग ते आपसातच भांडतात. लांब झालरवाल्या फायटर माशाला त्यांच्या शेजारी ठेवू नका, तासाभरात झालरीची चिंधी होईल.

खाणं टाकताना लखनवी तहजीब विसरा. ‘पहले आप’ वगैरे काही नाही. हाजीर तो वजीर!

बाळंतपणातही तेच. अंडी घातली की आईबापच ती गट्टम करतात. यावर हौशी लोकांचा तोडगा काय, माहीत आहे का? गोट्या! टँकच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर द्यायचा. अंडी फटींत घसरतात, आईबाप वर टापत बसतात.

पटापट आणखी तीन बार्ब. ओडेसा बार्ब १९७० च्या दशकात युक्रेनमधल्या ओडेसाच्या बाजारात झळकला, पण मूळचा म्यानमारचा, आणि शास्त्रीय नाव मिळायला २००८ उजाडलं. सह्याद्रीतला लांब तुऱ्याचा फिलामेंट बार्ब? त्याचं कुलनाम ‘डॉकिन्सिया’, थेट रिचर्ड डॉकिन्सवरून! आणि या गोतावळ्यातला दादा म्हणजे कंबोडियाचा राष्ट्रीय मासा, जायंट बार्ब. लांबी तीन मीटरपर्यंत. टँक नको, स्विमिंग पूल घ्या.

सौंदर्यस्पर्धा मात्र ‘मिस केरळ’ जिंकते. लाल पट्टा, काळी रेघ, शेपटीवर पिवळं. तिचं कुलनाम ‘सह्याद्रिया’, हेही २०१३ चं, आणि ते देणाऱ्या चौघांत पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकर होते. मासा केरळचा, आडनाव आपलं! पण विकत घेण्याआधी थांबा. जंगली ओढ्यांतून भरमसाट उपसा झाल्यानं ती संकटग्रस्त यादीत आहे. फार्ममध्ये पैदास झालेलीच मागा.

लखनऊत माशांची कुंडली मांडणारी एक राष्ट्रीय संस्थाही आहे, राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो. स्थापना १९८३. उत्तर प्रदेशचा राज्यमासा चितळा, आणि आपला २०२३ पासून पापलेट. आपण आपल्या राज्यमाशाला रवा लावून तळतो, हे तिथं जरा हळूच सांगा.

आणि हो, त्या दुकानातली रोझी? पिशवीत फिकी, शिळ्या चहासारखी दिसत होती. पी हळद नि हो गोरी इथं चालत नाही. काळसर वाळू, दाट झाडी आणि सोबतीला पाचसहा जणी मिळाल्या, की काही आठवड्यांनी एका सकाळी नर असा लालबुंद होऊन पंख पसरतो, की चहाचा कप तोंडापाशीच थांबतो.