बर्लिनच्या वाद्यकारांच्या दारी

बर्लिनच्या यू-टू या मेट्रोमार्गावर झेनेफेल्डरप्लाट्झ नावाचं स्टेशन आहे. पायऱ्या चढून वर आलं की चौकात आलोइस झेनेफेल्डरचा पांढरा संगमरवरी पुतळा दिसतो. पुतळ्याच्या पायाशी एक बालमूर्ती त्याचं नाव उलट्या अक्षरांत लिहिते आहे, आरशात धरलं तरच सुलट वाचता येईल असं. झेनेफेल्डर हा शिळाछापाचा जनक. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने दगडावरून छापण्याची युक्ती शोधली, आणि अगदी सुरुवातीला ती कामाला लावली ती संगीताची स्वरलेखनं छापायला. फ्रांट्स ग्लाइस्नर हा संगीतकार तेव्हा त्याच्या जोडीला होता. धातूच्या पत्र्यावर एकेक स्वर कोरत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी स्वस्त पडायचं. पुढे याच तंत्राने राजा रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती आपल्या घराघरांतल्या भिंतींवर आणली. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला आणि नंतर मळवलीला गेलेला रविवर्म्याचा छापखाना फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने पुढे चालवला.

या चौकापासून चालत काही मिनिटांवर, शोनहाउझर अले या लांबलचक रस्त्यावर, ६-७ क्रमांकाच्या इमारतीत एबलटन या कंपनीचं मुख्य कार्यालय आहे. संगीत सामान्य माणसाच्या हाती देणाऱ्या माणसाच्या नावाचा चौक आणि तेच काम आज करणारी कंपनी इतक्या जवळ असाव्यात, याचा मला मनापासून आनंद झाला.

मी सांगलीची. नाटकांचं पार्श्वसंगीत करते. माझं सगळं काम एबलटनच्या ‘लाइव्ह’ या सॉफ्टवेअरवर चालतं, आणि ते बनवणारी माणसं कशी असतील याचं कुतूहल फार जुनं. आमच्या शेजारी मिरज आहे. तिथे गवई तानपुरा नुसता विकत घेऊन परतत नाही. तो सतारमेकर गल्लीत बसतो, जवारी लावून घेतो, पंचम थोडा बंद वाटतो म्हणतो, कारागीर घोडीवर पुन्हा कानस फिरवतो. वाद्य असं दोघांच्या बोलण्यातून पुरं होतं. सॉफ्टवेअर हेही वाद्यच आहे अशी माझी ठाम समजूत आहे. म्हणून बर्लिनला जाणं ठरलं तेव्हा आधी पत्र लिहून रीतसर परवानगी मागितली. हे संग्रहालय नव्हे, तिकीट काढून आत शिरता येत नाही. पण मनापासून लिहिलेल्या पत्राला तिथून आपुलकीचं उत्तर आलं.

कंपनीची कुळकथा सांगायलाच हवी. भिंत पडल्यानंतरच्या बर्लिनमध्ये ओस पडलेल्या कारखान्यांत आणि तळघरांत टेक्नो संगीताचे क्लब उभे राहिले. १९९१ साली सुरू झालेला ‘ट्रेझोर’ तर एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात होता. त्याच हवेत गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेंके ‘मोनोलेक’ या नावाने वाजवत होते. त्यांना मंचावर हवं तसं वागणारं तयार साधन बाजारात नव्हतं, म्हणून ते स्वतःच्या मैफलींसाठी स्वतःच साधनं रचत. त्यासाठी ते ‘मॅक्स’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत. १९८०च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संस्थेत मिलर पकेट यांनी ती घडवली, आणि संगणक-संगीताचे आद्य प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज यांचं नाव तिला दिलं. १९९९ साली बेलेस, हेंके आणि बेर्न्ड रोगेनडॉर्फ यांनी एबलटन स्थापन केली. ऑक्टोबर २००१मध्ये ‘लाइव्ह’ची पहिली आवृत्ती आली. पुढे २०१७ साली एबलटनने ‘मॅक्स’ बनवणारी सायकलिंग सेव्हंटीफोर ही अमेरिकी कंपनीच आपल्यात सामावून घेतली. ज्या हत्याराने सुरुवात झाली, ते असं घरी आलं.

‘लाइव्ह’ आलं त्यावेळी संगीताची इतर सॉफ्टवेअर्स ध्वनिमुद्रणाच्या फितीसारखा विचार करायची. डावीकडे सुरुवात, उजवीकडे शेवट, आणि मधून सरकणारी एक रेघ. स्टुडिओत ते ठीकच. मंचावर मात्र काळ असा सरळ सरकत नाही. ‘लाइव्ह’मध्ये ही रेघ आहेच, पण तिच्या जोडीला एक चौकटींचा पट आहे. प्रत्येक चौकटीत आवाजाचा एक तुकडा ठेवायचा. वाटेल तेव्हा वाटेल तो सुरू करायचा. तुम्ही कळ कधीही दाबा, तुकडा लगेच सुरू होत नाही. चालू आवर्तन पुरं होऊ देतो आणि मुखडा घेऊन समेवर यावं तसा नेमक्या मात्रेवर येतो. शिवाय आवाजाची पट्टी न बदलता लय कमी-जास्त करता येते. जुन्या टेपवर लय वाढवली की आवाज चिरका व्हायचा. इथे ध्वनीचे बारीक कण करून ते नव्या अंतरावर मांडले जातात.

नाटकवाल्यांना याचं मोल विशेष कळतं. नट रोज सारखा थांबत नाही. एखाद्या प्रयोगात प्रेक्षक असा काही श्वास रोखून बसतो की तो विराम दुप्पट लांबतो, आणि तिथे संगीताने त्याची वाट पाहायची असते. ठरलेल्या लांबीचं पार्श्वसंगीत नटाला आपल्यामागून फरफटत नेतं. चौकटींच्या पटावर मी त्याच्याबरोबर थांबू शकते. क्लबमध्ये नाचणाऱ्यांसाठी केलेली ही सोय सांगलीच्या नाट्यगृहात इतकी उपयोगी पडावी, हे मला या वाद्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं ते हे की इथली माणसं वाजवणारी आहेत. मला फिरवून दाखवणारा अभियंता स्वतः बँडमध्ये वाजवतो. टेबलावर ‘पुश’ ठेवलेला होता. हे कंपनीचं स्वतःचं वाद्य, चौसष्ट मऊ चौकोनांचं. पहिला ‘पुश’ २०१३ साली आला. २०२३ साली आलेल्या तिसऱ्या ‘पुश’ला हवं असेल तर संगणकही लागत नाही. त्याचे चौकोन प्रत्येक बोटाची हालचाल वेगळी ओळखतात. बोट ठेवून हलकेच सरकवलं की स्वर सरकतो. मी षड्जावरून रिषभाकडे मींड घेऊन पाहिली. सारंगीची सर तिला नाही, येणारही नाही. पण मींडच होती ती, दोन स्वरांच्या मधली जागा रिकामी राहिली नाही.

मग बोलणं आलं स्वरांच्या जागांवर, आणि याच गोष्टीसाठी मी खरं तर गेले होते. पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तक १२०० सेंटचं धरलं तर त्यात गंधार ४०० सेंटवर येतो. तानपुरा नीट जुळला की खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो साधारण ३८६ सेंटवर असतो. पंचमाचा फरक जेमतेम २ सेंटचा, तो कानाला टोचत नाही. गंधाराचा १४ सेंटचा फरक मात्र गाणाऱ्याला बेचैन करतो. मार्च २०२४मध्ये आलेल्या ‘लाइव्ह’च्या बाराव्या आवृत्तीत प्रथमच वेगवेगळ्या स्वररचना बसवण्याची सोय आली. आपल्याला हव्या त्या अंतरांची फाइल करून द्यायची, षड्जाची उंची ठरवायची, की सॉफ्टवेअरमधली वाद्यं त्या स्वरांत वाजतात. त्याच वर्षी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हेही इथे नोंदवते.

अभियंत्याने मला रागागणिक बदलणाऱ्या गंधाराबद्दल बरंच विचारलं. मी त्याला आमच्या गावच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांची गोष्ट सांगितली. निवृत्त डेप्युटी कलेक्टर असलेल्या देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजले, १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं, आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने श्रुतींची पेटी घडवून आणली. ती पेटी विद्वानांना पटली नाही, रूढही झाली नाही. पुढे १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीलाच बंदी होती, आणि तिच्याविरुद्धचा एक मोठा आक्षेप याच पक्क्या स्वरांचा होता. देवलांना एक स्वर हलवायचा तर लाकूड आणि पितळ बदलावं लागे. आज तेच एका आकड्याचं काम आहे.

ही सोय पूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. स्वरांच्या जागा बसवल्याने राग होत नाही. आंदोलन, कण, मींड हे सगळं वाजवणाऱ्यानेच आणायचं. ध्वनिमुद्रित गाण्याचे स्वरही या फाइलने हलत नाहीत. आणि आपल्या संगीताची अंतरं कोणती, हे बर्लिनमध्ये बसून कुणी ठरवावं अशी अपेक्षाही चूक आहे.

ते काम आपलं आहे. गाणं शिकणाऱ्या, गुरूजवळ बसून एकेक स्वर घोटणाऱ्या तरुण मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे : या सॉफ्टवेअरची चाचणी-आवृत्ती ठरावीक दिवस फुकट मिळते, ती उतरवून घ्या. आपल्या घराण्यातला तोडीचा गंधार, मारव्याचा रिषभ नीट ऐका, मोजा, त्यांची फाइल बनवा, तानपुऱ्याशेजारी वाजवून तपासा. जे बसत नाही ते बनवणाऱ्यांना पत्राने कळवा. ही पत्रं तिथे वाचली जातात.