भिंगारची पहाट, २८ मे १४९०

नगरच्या भुईकोटाच्या खंदकातला झाडोरा पाहताना मला नेहमी वाटते, हे शहर एका सुडातून उपजले. बहमनी वजीर मलिक हसन बीदरास मारला गेला, तेव्हा जुन्नरास असलेल्या त्याच्या पुत्राने, मलिक अहमदाने, ताबेदारी झुगारून दिली. आणि त्याच्या पारिपत्यासाठी जहांगीरखानाच्या हाताखाली रवाना झालेली शाही फौज भिंगारनजीक तळ देऊन गाफील पडली असता, २८ मे १४९० रोजी पहाटे अहमदाने तिच्यावर अकस्मात छापा घालून तिचा पुरता धुव्वा उडविला. (मे महिन्यातली नगरची पहाट, गार वाऱ्याने कोणाचा डोळा लागणार नाही?) पुढे १४९४ साली सीनाकाठी शहर वसले, १४९९ त दौलताबाद अहमदाच्या निजामशाहीच्या अमलात आले, आणि विजयस्थळी त्याने उठविलेल्या बागेच्या जागीच हा भुईकोट उभा आहे.