पालथं करून बघा : दगडफुलाचं थंड मुलखातलं भावंड



मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल आपण सगळ्याच ओळखतो. वरून राखाडी, खालून काळं. नावात फूल असलं तरी ते फूल नाही आणि झाडही नाही. ते आहे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. बुरशी त्याला आसरा देते, ओलावा धरून ठेवते.

आपलं दगडफूल झाडाच्या सालीवर आणि दगडावर वाढतं. त्याच्या नात्यातलं एक शैवाक मात्र जमिनीवर वाढतं. युरोपातल्या आल्प्स पर्वतात, नॉर्वे-स्वीडनमध्ये आणि आइसलंड बेटावर, थंडीमुळे जिथे झाडंसुद्धा उगवत नाहीत अशा माळावर ते सापडतं. त्याचं शास्त्रीय नाव सेट्रारिया आयलँडिका. आइसलंडच्या भाषेतल्या नावाचा अर्थ होतो ‘डोंगरी गवत’.

आइसलंडमध्ये धान्य फारसं पिकत नसे. तिथल्या बायका-पुरुष मुलांना घेऊन डोंगरावर जात, तंबू ठोकून राहत आणि हे शैवाक पोती भरून आणत. मग ते निवडायचं, धुवायचं, चिरून दुधात शिजवायचं, नाहीतर पिठात मिसळून पीठ पुरवायचं. दुष्काळात त्याच्यावर घरं तगली. चूक झाली तर थेट पोटाशी गाठ, म्हणून त्याची ओळख पक्की असावी लागे. ती कशी पटवायची ते आज आम्ही सांगतो.

पहिली खूण जागेची. ते जमिनीवर सैल झुपके करून उभं असतं, दगडाला चिकटलेलं नसतं. उंची साधारण बोटभर.

दुसरी खूण आकाराची. चपट्या पट्ट्या असतात, त्यांना फाटे फुटलेले आणि कडा आत वळलेल्या, पन्हाळीसारख्या. शेजारीच रेनडिअर हरणांचं आवडतं शैवाक उगवतं, पण ते पांढुरकं आणि बारीक पोकळ काड्यांचं असतं. दोन्ही हातात घेतली की फरक लगेच कळतो.

तिसरी खूण कडेची. तिथे बारीक काटेरी दाते दिसतात.

चौथी खूण सगळ्यात महत्त्वाची. पट्टी पालथी करा. वरची बाजू तपकिरी, खालची फिकट, आणि त्या फिकट बाजूवर पांढरे ठिपके विखुरलेले. याचंच एक जवळचं जातभाई आहे, त्याच्या पट्ट्या अरुंद असतात आणि पांढऱ्या खुणा फक्त कडेकडेनं असतात. वरून पाहिलं तर दोन्ही सारखीच. बुडाशी लालसर छटा दिसली तर ओळख आणखी पक्की होते.

एक लक्षात ठेवा, नुसत्या रंगावर जाऊ नका. कोरडं असताना ते तपकिरी आणि कुरकुरीत असतं, भिजलं की हिरवट आणि मऊ होतं. म्हणूनच गोळा करायला ओली हवा बरी, म्हणजे चुरा होत नाही. एवढं करूनही शंका उरली तर अभ्यासक रसायनाचा एक थेंब टाकतात. आतला पांढरा गर लाल झाला की खात्री पटते.

त्याच डोंगरांवर गर्द पिवळ्या रंगाचीही शैवाकं आहेत. त्यांतल्या काहींत विष असतं. अशाच एका पिवळ्या शैवाकानं पूर्वी स्कँडिनेव्हियात लांडगे मारत.

खायचं शैवाकसुद्धा तसंच खाता येत नाही. ते कडू असतं. राखेच्या निवळीत भिजवून, पाणी बदलून कडूपणा काढतात. मग उकळून गार केलं की खळीसारखं घट्ट होतं.

आणखी एक गोष्ट. शैवाकाला मुळं नसतात. हवेतून आणि पावसातून जे येईल ते सगळं ते शोषून घेतं, चांगलं आणि वाईटही. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्याची किरणोत्सारी धूळ नॉर्वे-स्वीडनच्या शैवाकांत साठली. ती रेनडिअरनी खाल्ली आणि सामी लोकांना आपल्याच कळपाचं मांस टाकून द्यावं लागलं. म्हणून रस्त्याकडेचं किंवा कारखान्याजवळचं शैवाक कोणत्याही देशात खाण्याचं नव्हे.

ते वाढतंही फार सावकाश, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. मुठीनं उपटलेला झुपका परत यायला कितीतरी वर्षं जातात. थोडं घ्यावं, बाकीचं राखावं.

आता आपल्या डब्याकडे वळू. बाजारात दगडफूल म्हणून एकाहून जास्त जातींची शैवाकं येतात, त्यांत सालीचे तुकडे आणि कचराही असतो. बचत गटाचा मसाला करताना तांदूळ निवडतो तसं ते ताटात पसरा. एकेक तुकडा पालथा करा, वास घ्या, वेगळं दिसेल ते बाजूला काढा. ओळख पटली नाही तर ते पोटात जाऊ द्यायचं नाही, हा नियम आइसलंडच्या बाईला जेवढा लागू तेवढाच आपल्यालाही.