गेमिंग लॅपटॉप घेताय? ‘१ टीबी’ला भुलण्याआधी आत काय आहे ते बघा

कोल्हापूर : बारावीचा निकाल लागला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, की घरात लॅपटॉपचा विषय निघतोच. पोराला अभ्यासाबरोबर गेमही खेळायचा असतो आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर उसाच्या बिलाचा आकडा असतो. राजारामपुरीतल्या दुकानात किंवा ओळखीतल्या कुणाचा जुना लॅपटॉप बघताना मग प्रश्न पडतो, ५१२ जीबीची एसएसडी घ्यायची की १ टीबीची हार्ड डिस्क? १ टीबी म्हणजे जागा जवळपास दुप्पट, म्हणून मन तिकडंच धावतं. फसगत होते ती इथंच.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या गरागरा फिरतात, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे. जुन्या ग्रामोफोनसारखा एक दांडा त्यावरून माहिती वाचतो, फक्त तो तबकडीला टेकत नाही. आयबीएम कंपनीनं हे तंत्र १९५६ साली बाजारात आणलं. दांडा योग्य जागी पोचेपर्यंत लॅपटॉपला थांबावं लागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. मोबाइलच्या मेमरीसारख्या चिपा असतात, म्हणून माहिती लगेच हाती येते.

लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते. साध्या साटा एसएसडीचा वेग ५५० एमबीपर्यंत जातो, तर आजच्या एनव्हीएमई एसएसडी ३,००० एमबीच्याही पुढं जातात. पण गेममध्ये हजारो बारक्या फाइली ठिकठिकाणाहून उचलाव्या लागतात आणि तिथं हार्ड डिस्क पारच मागं पडते. गाडी सुसाट सोडली, की पुढचा रस्ता न् इमारती उशिरा उमटतात, खेळ हिसके खातो. ‘स्टारफिल्ड’ला एसएसडी लागतेच. ‘सायबरपंक २०७७’नंही २०२३ पासून ती किमान गरजेत धरली आहे.

‘एसएसडी टाकली की गेम पळतोय बघा’ हे दुकानातलं वाक्य मात्र अर्धंच खरं. गेम लवकर उघडतो, नकाशा पटकन येतो. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात, ते मुख्यतः ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरवर ठरतं. पैसे मोजकेच असतील तर ५१२ जीबीच्या एसएसडीवर थांबा आणि उरलेले चांगल्या कार्डाला घाला.

आता जागेचं बघू. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबीच दिसते. यात कुणी चोरी केलेली नसते, कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ एकटाच १५० जीबी मागतो. म्हणजे असले दोन-तीन गेम टाकले, की जागा संपली. शहरात वायफाय असलेला पोरगा एक गेम काढतो, दुसरा डाउनलोड करतो. पण वाडीवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा २ जीबी डेटा असेल, तर १५० जीबीला ७५ दिवस लागतील! खेड्यात हार्ड डिस्क कामाला येते ती इथं. बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्यावी, न खेळणारे गेम तिच्यावर ठेवावेत आणि खेळायच्या वेळी एसएसडीवर आणावेत. स्टीममध्ये गेम असा हलवायची सोय आहे. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी बसवायला रिकामा स्लॉटही असतो. घेतानाच तेवढं विचारून घ्या.

जुना लॅपटॉप असेल तर तोंडी सांगण्यावर जाऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये डिस्कजवळ एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत कळते. हार्ड डिस्क निघाली तरी लॅपटॉप सोडून द्यायलाच पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा तिच्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. तो खर्च भावातून कमी करून मागा.

चंदगड, गगनबावड्याहून एसटीनं ये-जा करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. चालू हार्ड डिस्कला धक्का सोसत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करूनच सॅकमध्ये टाका. तिच्यातून टकटक आवाज यायला लागला, तर त्याच दिवशी फाइली दुसरीकडं काढा. एसएसडीला धक्क्याची फारशी भीती नाही, पण ती पुष्कळदा काही इशारा न देताच बंद पडते आणि तिच्यातून डिलीट झालेली फाइल बहुधा परत मिळत नाही. म्हणून लग्नाचे फोटो, कॉलेजचा प्रोजेक्ट, स्कॅन केलेली कागदपत्रं यांची दुसरी प्रत हवीच. २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी घरात आलेल्या शिरोळ, करवीरमधल्या गावांनी तर ही प्रत उंचावरच्या गावात पाहुण्यांकडं ठेवलेली बरी.