भिंतीपलीकडची रेस

कमरेइतकी उंच दगडी भिंत. तिच्यावर कोपरं टेकून तुम्ही उभे आहात, हातात कागदी कपातला चहा. भिंतीपलीकडे साधा गावातला रस्ता आहे. मधोमध पांढरा पट्टा, कडेला बसस्टॉप, विजेचा खांब आणि त्या खांबाला बांधलेली जाड गादी. लांबून कुठूनतरी गुणगुण ऐकू येते, वाढत जाते आणि तुम्ही मान वळवायच्या आत काहीतरी समोरून गेलेलं असतं. ती बाइक होती हे नंतर कळतं. आधी छातीत धक्का बसतो, मग वारा लागतो, मग बघता तर अर्धा चहा सांडलेला.

आयल ऑफ मॅन टीटीमध्ये तुमचं स्वागत आहे.

इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातलं हे जेमतेम 84 हजार वस्तीचं बेट. ब्रिटनमध्ये सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावायला बंदी होती, पण या बेटाची संसद वेगळी. तिने 1904 मध्ये रस्ते बंद करून शर्यतीला देण्याचा कायदाच केला. 1907 पासून इथे टीटी भरते आणि 1911 पासून ती डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर होते. एक लॅप 60 किलोमीटरची. म्हणजे जवळपास पुणे ते लोणावळा. पीटर हिकमननं 2023 मध्ये ती 16 मिनिटं 36 सेकंदांत मारली. सरासरी ताशी 219 किलोमीटर, आणि यात गावं, चौक, कमानी पूल, घाटातली वळणं सगळं आलं. आपण लोणावळ्याला जाताना एवढ्या वेळात घरातून निघून पहिल्या सिग्नलला अडकलेलो असतो.

टीव्हीवर फॉर्म्युला वन बघून गेलात तर पहिला अर्धा तास गोंधळ होणार. इथे सगळे एकत्र सुटत नाहीत. दर 10 सेकंदांनी एकेक जण निघतो आणि घड्याळाशी लढतो. समोरून सगळ्यात आधी गेलेला रायडर पुढेच आहे असं मुळीच नाही. कोण जिंकतंय हे डोळ्यांना कळत नाही, कानांना कळतं. म्हणून इथला प्रत्येक मुरलेला प्रेक्षक कानात रेडिओ घालून बसलेला दिसेल. तुम्हीही फोनवर विसंबू नका, डोंगरात नेटवर्क रुसतं. साधा रेडिओ न्या. आणि पुस्तक न्या, कारण सगळे निघून गेले की पुढची लॅप येईपर्यंत शांतता असते. इतकी, की मेंढ्यांचा आवाज येतो!

ब्रिटनमध्ये मास्टर्स करणाऱ्यांसाठी ही शर्यत खिशाला परवडण्यासारखी आहे, कारण ग्रँडस्टँड आणि काही ठरावीक जागा सोडल्या तर बघायला पैसे पडत नाहीत. कुंपणापाशी, पबच्या अंगणात, चर्चच्या आवारात बसायचं. चर्चमधल्या आज्या चहा-केक विकतात, तो मात्र घ्या. खरा खर्च पोहोचण्याचा आणि झोपण्याचा. लिव्हरपूलहून बोट पावणेतीन तासांत डग्लसला नेते, पण मेअखेरच्या त्या पंधरवड्याची तिकिटं कित्येक महिने आधी संपतात. हॉटेलचा विचार सोडा. तंबू टाका, नाहीतर स्थानिक लोक घरातली खोली भाड्यानं देतात ती बघा. दोन दिवस जास्तीचे ठेवा. डोंगरावर धुकं उतरलं की बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही, आणि हेलिकॉप्टर नाही तर शर्यत नाही. शेवटची मोठी सीनियर रेस 2012 मध्ये हवामानापायी रद्द झाली, 2025 मध्येही झाली. फक्त तेवढ्यासाठी आलेले लोक हात हलवत परत गेले.

हेलिकॉप्टरचा विषय निघालाच आहे तर ते बोलूनच घेऊ. या रस्त्यावर आजवर अडीचशेहून जास्त स्पर्धकांचा जीव गेलाय. 1972 मध्ये मित्र गेला, आणि त्या वर्षानंतर जाकोमो अगोस्तिनी हा त्या काळचा सगळ्यात मोठा रायडर इथे पुन्हा शर्यतीला उतरला नाही. 1976 नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदाचा दर्जाही गेला. तरी शर्यत थांबली नाही. 2022 मध्ये सहा स्पर्धक गेले. त्यात साइडकारवरचे बाप-लेक होते, दोघं एकाच अपघातात. आणि हे फक्त रायडरपुरतं नाही. 2007 मध्ये एका रायडरबरोबर दोन प्रेक्षकही गेले. 'प्रोहिबिटेड' अशी पाटी दिसली की तिथं उभं राहून रील काढायची नाही, याचं कारण हे आहे. रस्त्याकडेचे मार्शल सगळे स्वयंसेवक असतात. ते ओरडले तर वाद न घालता हला.

मी गेले तेव्हा सरावाच्या संध्याकाळी लाल झेंडा आला. मार्शलनं तो दोन्ही हातांनी धरला, बाइक एकेक करून हळू होत थांबल्या, आणि भिंतीवरचे सगळे एकदम गप्प. रेडिओवर फक्त 'इन्सिडेंट' एवढाच शब्द. शेजारचे काका चाळीस वर्षं येतात असं मघाशी हसत सांगत होते, ते आता बुटाकडे बघत होते. हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. रस्ता उघडेपर्यंत तिथून हलताही येत नाही. तेवढ्या वेळात एक प्रश्न तुमच्या मागे लागतो, टीव्हीसमोर तो कधी लागत नाही: मघाशी मी नेमकं कशासाठी ओरडत होते? रायडर स्वतःच्या मर्जीनं येतात, धोका त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो, हे सगळं खरं आहे. मी ते स्वतःला सांगूनही पाहिलं. त्या अर्ध्या तासात ते फारसं कामाला आलं नाही.

मग रस्ता उघडला. पाच मिनिटांत त्याच वळणावरून बस आली, बसस्टॉपवर थांबली, एक बाई भाजीची पिशवी घेऊन उतरल्या.

रात्री तंबूंच्या रांगेत बातमी पोहोचली: पाय मोडलाय, बाकी ठीक आहे. कुणीतरी जोरात शिट्टी मारली, कुणीतरी बिअरचा कॅन फोडला. काकांनी मला दुसऱ्या दिवशीची चांगली जागा नकाशावर दाखवली. मी गेले. पुन्हा दगडी भिंत, पुन्हा चहा. फक्त या वेळी भिंतीपासून दोन पावलं मागे उभी राहिले.